वाड्यातील सागवानी जमीन आणि फ्लॅटमधील लाकडी फ्लोअरिंग : सोलापूरच्या हवेत निगा कशी राखावी?

दक्षिण_कसबा

नमस्कार. आमच्या वाड्याच्या माडीवर आजोबांच्या काळापासून सागवानी फळ्यांची जमीन आहे. खाली तुळया, तुळयांवर कड्या (म्हणजे आडवी बारीक लाकडे) आणि कड्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या सुमारे आठ इंच रुंदीच्या फळ्या, अशी तिची जुनी बांधणी आहे. धाकट्या भावाने जुळे सोलापुरातील फ्लॅटच्या दोन खोल्यांत लाकडी फ्लोअरिंग बसवून घेतले आहे. दोन्ही घरांत काम करणाऱ्या मावशी एकच असून त्या दोन्हीकडे शहाबादी फरशी पुसावी त्याच पद्धतीने, म्हणजे बादलीभर पाण्यात फिनेल घालून, ओल्या फडक्याने पुसतात.

आता माडीवर उन्हाळ्यात फळ्यांच्या मधल्या फटी इतक्या रुंदावतात की त्यांत जाड पुठ्ठा उभा राहतो. खिडकीखालच्या खिळ्यांभोवती काळी वलये उमटली आहेत. भावाकडे बाल्कनीच्या दाराजवळ पट्ट्यांच्या कडा उचलल्या गेल्या असून मधला भाग खोलगट झाला आहे. नातेवाइकांचे सल्ले भरपूर मिळाले: कोणी रॉकेलचा हात फिरवा म्हणतात, कोणी खोबरेल चोळायला सांगतात, कोणी पाण्यात व्हिनेगर घालायला सांगतात आणि भाचीने तर वाफेचा मॉप मागवण्याची तयारी केली आहे. यांपैकी खरोखर उपयोगाचे काय आणि घातक काय, हे ज्यांनी लाकूड हाताळले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

रंधा_पटाशी

दादा, आमचे घराणे सुतारकामाचे आहे आणि जुन्या वाड्यांची डागडुजी हे माझे रोजचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लाकडी जमीन मळाने सहसा खराब होत नाही. तिला खराब करतात दोन गोष्टी: पाणी आणि कचकच. कचकच म्हणजे चपलेबरोबर किंवा वाऱ्याबरोबर आलेली बारीक वाळू. ती पायाखाली सापडली की पॉलिश पेपरचे काम करते, आणि वरचा थर असा घासून गेला की पुढचे काम पाणी करते. म्हणून रोज कोरडे झाडणे हीच खरी निगा आहे. पुसणे हा अधूनमधून करायचा उपचार आहे, आणि तोही घट्ट पिळलेल्या फडक्याने. बादली ओतून पुसण्याची शहाबादीची रीत लाकडाला चालतच नाही.

काहीही लावण्यापूर्वी आपल्या जमिनीवर सध्या कोणते पॉलिश आहे ते ओळखा. पहिली परीक्षा पाण्याच्या थेंबाची. वर्दळीच्या वाटेवर, खिडकीपाशी आणि कोपऱ्यात असे तीन ठिकाणी थेंब टाका आणि पाहत राहा. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे. तो पसरून खालचे लाकूड काळपट दिसू लागले, तर तिथे संरक्षण उरलेले नाही आणि तिथे फडकेही ओले लावू नये. एकाच खोलीत तीन जागी तीन उत्तरे मिळाली तर आश्चर्य मानू नका.

दुसरी परीक्षा एखाद्या कपाटामागे करा. कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन घासल्यावर थर चिकट होऊन सुटू लागला, तर ते लाखेचे जुने पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही पण लॅकरच्या थिनरने मऊ पडले, तर लॅकर आहे. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पॉलियुरेथेन, म्हणजे सध्या 'पीयू' म्हणतात ते. नख ओढल्यावर पांढुरकी मेणकट रेघ उठत असेल तर मेण चढवलेले आहे. लाखेच्या पॉलिशला पाणीही सोसत नाही आणि स्पिरिट तर मुळीच नाही, त्यामुळे माडीवर लाख निघाली तर सॅनिटायझर सांडण्यापासूनही तिला जपावे लागेल.

आपल्या यादीतील चारही उपाय मी नाकारीन. रॉकेलने क्षणभर चकाकी येते, परंतु मागे राहणाऱ्या तेलकट थरावर धूळ बसते, वास राहतो आणि लाकडी माडीवर आगीची भीती वेगळीच. व्हिनेगर आम्ल आहे आणि वारंवार वापरल्यास पॉलिशची झळाळी मंदावते. वाफेचा मॉप तर सर्वांत वाईट, कारण उष्णता आणि पाणी ही जोडी दाबाने नेमकी फटींतच शिरते. खोबरेलाविषयी येथील रसायनशास्त्राचे जाणकार अधिक नेमके सांगतील.

जुळे_सोलापूरकर

आपल्या बंधूंच्या फ्लॅटविषयी लिहितो, कारण आमच्या इमारतीत हीच तक्रार बऱ्याच घरांत आहे. त्यांच्याकडे अखंड लाकूड आहे, एंजिनियर्ड आहे की लॅमिनेट, हे आधी पाहावे. तिन्ही वरून सारखी दिसतात आणि तिन्हींची तब्येत निराळी असते. उंबऱ्याजवळची धातूची पट्टी काढली की पट्टीची कड दिसते. आरपार एकच रेषा असलेले लाकूड दिसले तर अखंड, वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली आडवे-उभे प्लायसारखे थर दिसले तर एंजिनियर्ड, आणि वर कागदासारखे पातळ छापील पान व खाली तपकिरी दाबलेला भुसा दिसला तर लॅमिनेट.

एंजिनियर्डमधील आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते हवेतील ओलीने कमी हलते. वरचा खरा थर मात्र प्रकाराप्रमाणे अर्ध्या मिलिमीटरपासून चार मिलिमीटरपर्यंत असू शकतो. तो एक मिलिमीटरहून कमी असल्यास घासून नवे पॉलिश करण्याचा विचारही करू नये, कारण यंत्र एका फेऱ्यात प्लायपर्यंत पोहोचते. लॅमिनेट तर घासायचेच नसते, आणि त्याची कड एकदा फुगली की वाळल्यावरही ती पूर्ववत बसत नाही. ती पट्टीच बदलावी लागते.

कडा वर आणि मध्य खोलगट, हे लक्षण पट्टीला वरच्या बाजूपेक्षा खालून जास्त ओल मिळत असल्याचे आहे. बाल्कनीच्या दारातून पावसाचे पाणी आत येते का, बाल्कनी धुताना उंबऱ्याखालून पाणी झिरपते का, हे पाहा. दुसरे कारण अधिक चीड आणणारे आहे. आमच्याकडे ठेकेदाराने सिमेंटचा थर पुरता सुकण्याआधीच वर लाकूड बसवले. सिमेंटच्या थराला प्रत्येक इंच जाडीमागे साधारण एक महिना सुकायला द्यावा, असा ठोकताळा आहे. तपासणीही सोपी आहे: प्लास्टिकचा जाड चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने सिमेंटवर बंद करून एक-दोन दिवस ठेवायचा, आणि आतून पाण्याचे बाष्प धरले किंवा सिमेंट काळपट पडले तर थांबायचे. एवढी साधी गोष्ट ग्राहकाने आग्रहाने मागितली पाहिजे.

बंधूंना सांगा की खोलगट झालेल्या पट्ट्या घाईने घासू नका. आधी ओलीचे मूळ बंद करा आणि काही आठवडे वाट पाहा. लाकूड पुष्कळदा स्वतःहून बसते. त्याआधी उचललेल्या कडा घासून सपाट केल्या, तर सुकल्यानंतर त्याच पट्ट्या मध्ये फुगीर दिसू लागतात.

चाटी_गल्ली

रोजच्या साफसफाईसाठी सोलापूरकराला दुकानात महागडे मॉप शोधण्याची गरज नाही. आपल्याकडचा टेरी टॉवेल याच कामासाठी जन्मल्यासारखा आहे. त्याच्या सुती फासांत बारीक धूळ अडकते आणि पुढे ढकलली जात नाही. जुना झालेला, धुऊन धुऊन मऊ पडलेला टॉवेल सपाट मॉपच्या पट्टीला गुंडाळा आणि कोरडाच फिरवा. आठवड्यातून एकदा हलके पुसायचे असेल तेव्हा टॉवेल पाण्यात बुडवून नंतर पिळत बसण्यापेक्षा कोरड्या टॉवेलवर फवाऱ्याने पाणी उडवावे. म्हणजे पाण्याचा हिशेब आपल्या हातात राहतो. पुसल्यानंतर जमिनीवरची ओल एका मिनिटात उडून गेली पाहिजे; त्याहून जास्त वेळ लागला तर फडके जास्त ओले होते. पुसताना फळीच्या रेषांच्या दिशेने पुसावे, आडवे पुसल्यास पाणी फटींत सरकते.

पाणी कोणते, यालाही महत्त्व आहे. बोअरच्या जड पाण्यातील क्षार लाकडावर पांढुरक्या पट्ट्यांच्या रूपाने राहतात आणि लोकांना वाटते की पॉलिश गेले. या कामाला पाणी वाटीभरच लागते, तेव्हा पिण्याचे गाळलेले पाणी घ्यावे. फिनेल, सोडा आणि कपड्यांची पावडर यांना लाकडावर काम नाही. डाग असेल तर वाटीभर पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब, त्यानंतर साध्या पाण्याचे पिळलेले फडके, आणि लगेच कोरडा टॉवेल, एवढे पुरते.

शिंदीची कडक केरसुणी माडीवर वापरू नये, मऊ फुलझाडू वापरावा. व्हॅक्यूम असल्यास त्याचा फिरता ब्रश बंद करून मऊ केसांचे तोंड लावावे. दाराबाहेर काथ्याचे पायपुसणे आणि आत सुती पायपुसणे असे दोन टप्पे असले की निम्मी कचकच बाहेरच थांबते. आत रबरी पाठीचे पायपुसणे टाकू नका. त्याखाली ओल कोंडते आणि काही प्रकारच्या रबराने पॉलिशचा रंगही बदलतो. त्याऐवजी सोलापुरी चादर किंवा सतरंजी अंथरावी. ती सरकू नये म्हणून खाली सुती जाळीचा पातळ थर घालता येतो. मात्र ती वरचेवर झटकली पाहिजे, कारण विणीतून गळालेली माती खालीच साठते. तसेच तिची जागा अधूनमधून बदलावी. उजेडाने सागाचा रंग बदलत जातो आणि झाकलेला भाग वेगळा उमटतो.

दक्षिण_कसबा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. थेंबाची परीक्षा केली. भिंतीकडेने थेंब उभे राहतात, परंतु दारापासून खिडकीपर्यंतच्या वाटेवर ते लगेच मुरतात. स्पिरिटने थर मऊ पडला, म्हणजे लाखेचेच पॉलिश दिसते. आता फटींविषयी विचारतो. एका कारागिराने त्या भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरून टाकण्याचा सल्ला दिला आहे. शिवाय उन्हाळ्यात आम्ही त्याच खोलीत कूलर लावतो. त्याचा काही संबंध असेल का?

रंधा_पटाशी

संबंध आहे, आणि आपल्या गावात तो फार जवळचा आहे.

लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते, आणि त्याप्रमाणे ते रुंदीत वाढते व आकसते. लांबीत मात्र नगण्य फरक पडतो. साग हा या बाबतीत शांत स्वभावाचा समजतात. ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत तो वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे 5.3 टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे 2.6 टक्के आकसतो. हिशेब केला तर लाकडातील ओल एक टक्क्याने बदलली की पाटफाडी चिरलेली, म्हणजे जिची रुंदी वलयांच्या दिशेने येते अशी, फळी रुंदीत अंदाजे 0.18 टक्के बदलते. आपली आठ इंची फळी म्हणजे सुमारे 200 मिलिमीटर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आणि सप्टेंबरच्या पावसाळी हवेत तिच्यातील ओलीचा फरक चार टक्के धरला, तरी प्रत्येक फळीमागे जवळजवळ दीड मिलिमीटर होतो. आपल्या पुठ्ठ्याएवढ्या फटीचे उत्तर या हिशेबात आहे.

म्हणून उन्हाळ्यात फट भरू नका. भुसा आणि फेव्हिकॉल कडक होतात. पावसाळ्यात फळ्या पसरायला लागल्या की मधला कडक मसाला एकतर चुरा होऊन वर येतो किंवा फळीची कड चेचतो, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात फट आणखी रुंद दिसते. जुन्या कारागिरांनी मुद्दामच जागा सोडलेली आहे. पावसाळ्यातही न मिटणारी एखादी कायमची फट असेल, तर जुन्या सागाची पातळ निमुळती पट्टी एकाच बाजूला सरस लावून बसवावी, म्हणजे दुसरी बाजू मोकळी हलू शकते.

कूलरचे दोन भाग आहेत. हवेत थोडी ओल येणे लाकडाला चांगलेच. खोलीतील सापेक्ष आर्द्रता 35 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिली तर फळ्या सुखात असतात, आणि ती मोजणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. धोका आहे तो कूलरच्या झोताचा आणि गळतीचा. वाळ्याच्या जाळीतून उडणारे तुषार रोज त्याच दोन फळ्यांवर पडले, तर तेवढ्याच फळ्या फुगतात आणि बाजूच्या कोरड्या राहतात. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवा, झोत छताकडे वळवा, आणि पाणी भरण्याचा पाइप खोलीतून नेऊ नका. खिडकीखालची आपली काळी वलये मला कूलरच्या किंवा वळवाच्या पाण्याचीच वाटतात. वळीव येताना वारा आधी सुटतो आणि खिडक्या उघड्या असतात, हे आपण जाणताच.

माडीवरचे_देवघर

आमचे देवघर लाकडी जमिनीवरच आहे, म्हणून बायकांच्या नजरेतून दोन-तीन गोष्टी लिहिते.

रांगोळी हे दगडाचे चूर्ण असते. लाकडावर ती थेट काढून नंतर झाडली, तर प्रत्येक वेळी पॉलिशवर बारीक ओरखडे उठतात. आम्ही पाटावर किंवा शहाबादीच्या सुट्या तुकड्यावर रांगोळी काढतो. हळद सांडली तर साबण किंवा सोडा मुळीच लावू नये. साबणाचा क्षार लागला की हळद लाल होते, हे सगळ्या घरांत ठाऊक आहे, आणि तो लाल डाग लाकडाच्या रेषांत जाऊन बसतो. कोरड्या ब्रशने हळद उचलावी, पिळलेल्या फडक्याने टिपावे आणि पुढे उन्हावर सोपवावे. हळदीचा रंग प्रकाशाने फिका पडतो. खिडकीचे ऊन त्या जागी येत असेल तर काही दिवसांत डाग पुष्कळ उतरतो.

समईखाली पितळेचे ताम्हन ठेवावे. तेल सांडलेच तर लगेच जुन्या सुती कापडाने टिपावे, पसरवू नये, आणि वर थोडा वेळ कोरडे पीठ टाकून ठेवावे म्हणजे राहिलेले तेल ते शोषून घेते. मेणबत्तीचे मेण बर्फाची पिशवी ठेवून कडक करावे आणि प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने उचलावे, सुरीने नव्हे.

रसायन_शिक्षक

खोबरेलाविषयी विचारणा होती. खोबरेल हवेत सुकत नाही. ते लाकडावर तसेच राहते, धूळ धरते, आणि कालांतराने खवट होते. जवसाचे तेल वेगळे आहे, ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू कडक थर बनवते आणि म्हणूनच जुन्या काळापासून लाकडाला वापरले जाते. परंतु ते उघड्या, थर नसलेल्या लाकडावर पातळ चोळून जास्तीचे पुसून काढण्याचे तेल आहे. शाबूत पॉलिशवर ते लावण्यात अर्थ नाही.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने देतो. जवसाच्या तेलाची सुकण्याची क्रिया उष्णता निर्माण करते. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून एकत्र टाकली तर ती उष्णता कोंडते आणि ठिणगीशिवाय फडकी पेटू शकतात. सोलापूरच्या मे महिन्यात, लाकडी माडीच्या कोपऱ्यात तो बोळा विसरणे म्हणजे घर धोक्यात घालणे होय. काम संपताच फडकी बाहेर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.

काळी वलये लोखंड, पाणी आणि लाकडातील टॅनिनसारखी द्रव्ये एकत्र आल्याने होतात. ती घासून जात नाहीत, कारण डाग लाकडाच्या आत असतो. उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक आम्लाचे कोमट पाण्यातील द्रावण ब्रशने लावल्यास ती उतरतात. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घालावा, भांडे प्लास्टिकचे घ्यावे, मुले दूर ठेवावीत आणि शेवटी पिळलेल्या फडक्याने वारंवार पुसून अंश काढून टाकावा; तो राहिला तर नंतर घासताना त्याची धूळ नाकात जाते. ब्लीचमध्ये ते कधीही मिसळू नये. पांढरे ढगाळ डाग मात्र निराळे. ते लाकडात नसून पॉलिशमध्ये असतात, आणि लाखेच्या थरावर स्पिरिटच्या अगदी किंचित ओल्या बोळ्याने झर्रकन हात फिरवल्यास बहुतेक वेळा जातात.

दक्षिण_कसबा

कूलर बाहेर हलवण्याचे काम या आठवड्यातच करून घेतो. मावशींनाही टेरी टॉवेलची रीत दाखवली आणि त्यांना ती पाठ न दुखवणारी म्हणून पसंत पडली. आता वाटेवरचे पॉलिश कधी आणि कसे करावे, एवढेच शेवटचे विचारतो. संपूर्ण माडी घासावी लागेल का?

रंधा_पटाशी

संपूर्ण घासण्याची घाई करू नका. लाखेच्या पॉलिशचा मोठा गुण असा की नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे झिजलेली वाटच तेवढी दुरुस्त करता येते. पीयूमध्ये हे जमत नाही. तिथे थर पूर्ण झिजण्याआधीच सगळी खोली हलकी खरवडून वर एक नवा हात देणे शहाणपणाचे, कारण लाकूड उघडे पडले की मग मुळापासून घासावे लागते. ज्या माडीवर रोज वर्दळ आहे तिथे पुढे पीयूकडे वळण्याचा विचार जरूर करावा. मात्र त्यासाठी लाख आणि मेण पूर्ण काढावे लागेल आणि सागाचे अंगचे तेल थिनरच्या फडक्याने पुसून लगेच पहिला हात द्यावा लागेल, नाहीतर थर सुटतो.

काळ दिवाळीनंतरचा, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उत्तम. मे महिन्यात पॉलिश फार झपाट्याने सुकते, बुडबुडे राहतात आणि वाऱ्याची धूळ चिकटते. पावसाळ्यात लाख आणि लॅकर दमट हवेने पांढुरके धरतात.

घासण्यापूर्वी प्रत्येक खिळ्याचे डोके पंचाने फळीच्या आत बसवा, अन्यथा यंत्राचा पॉलिश पेपर फाटतो आणि यंत्र खड्डे पाडते. भिंतीत गेलेली तुळयांची टोके टोचून पाहा आणि भिंतीलगत वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का तेही तपासा. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला ती लागते. पोकळ तुळईवर पॉलिशचा खर्च व्यर्थ आहे. फळ्यांवर कधीकाळी तैलरंग दिला असल्यास कोरडे घासू नका, जुन्या रंगात शिसे असू शकते.

कागद 60 नंबरपासून सुरू करून 80, 100 आणि 120 असा क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेने चालवा. मधला नंबर गाळला की जाड कागदाचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. सागाची धूळ नाका-त्वचेला झोंबते, तेव्हा चांगला मास्क लावा आणि दाराला ओला पडदा बांधा. काम झाल्यावर पीयू असेल तर पाण्यावरच्या प्रकाराला चालण्यापूर्वी एक दिवस, सामान ठेवण्यापूर्वी तीन-चार दिवस आणि चादर-सतरंजी अंथरण्यापूर्वी दोन आठवडे द्या. तेलाच्या प्रकाराला अंथरण्यासाठी महिनाभर थांबा. कपाट आणि पलंग परत आणताना ओढू नका, चौघांनी उचलून आणा, आणि पायांना फेल्टचे तुकडे चिकटवा. त्या फेल्टमध्ये कचकच रुतून बसते, म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत ते पालथे करून पाहा आणि काळे झाले असतील तर बदला.